दोन विती चार बोटं

दुपारची जेवणं उरकली, घासलेली भांडी पालथी पडली, की त्या घरात एक वेगळीच वेळ सुरू व्हायची. खालच्या सायकलच्या दुकानातला हवा भरायचा पंप गप्प झालेला असायचा. रस्त्यावर एखादंच पाऊल वाजायचं. समोरच्या खिडकीतून आलेलं ऊन ओट्यावर चौकोनी सांडायचं, आणि नेमक्या त्या चौकोनात मऊमावशी पिठाचा ढीग करून मधोमध बोटांनी खळगा पाडायच्या.

मऊमावशी हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं. पाव मऊ म्हणून की बोलणं मऊ म्हणून, यावर पोरांमध्येही एकमत नव्हतं. संध्याकाळी कामावरून परतणारी माणसं जिना चढून वर यायची आणि कागदात गुंडाळलेला गरम पाव बगलेत धरून घरी जायची. रोज चोवीस पाव. गेली एकतीस वर्षं. पंचविसावा कधी केला नाही, कारण पंचविसाव्याला ओव्हनमध्ये जागाच नव्हती.

हे सगळं पीठ त्या हाताने मळायच्या. चार घाणे, एकेकाला पंधरा मिनिटं, म्हणजे सगळे मिळून तासभर. आणि त्या तासाभरात मऊमावशी घरात नसायच्या.

म्हणजे दिसायच्या ओट्यापाशीच. तळहाताने गोळा पुढे रेटायचा, बोटांनी मागे दुमडायचा, जरासा फिरवायचा, पुन्हा पुढे. असं दहा-बारा वेळा झालं की उघड्या डोळ्यांनीच त्या निघून जायच्या. एक रस्ता होता. पिठासारखाच कोमट आणि मऊ. पाऊल ठेवलं की दबायचा, उचललं की हळूच वर यायचा. दोन्ही बाजूंना उंच भिंती, आणि भिंतींच्या वर कुणीतरी पांढऱ्या चादरी वाळत घातलेल्या. वारा नसायचा, तरी चादरी हलत असायच्या. रस्ता कुठे जातो ते मावशींना कधी कळलं नाही. तिथे पोहोचायच्या आतच हाताखालचा गोळा गुळगुळीत होऊन बसायचा आणि त्यांना परत यावं लागायचं.

हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगणार तरी काय? एरवी त्यांच्या डोक्याला सुट्टी म्हणून नसे. गॅस नीट बंद झाला का, यांची गोळी घेऊन झाली का, दूरच्या शहरात नोकरी करणारी लेक दुपारचं जेवली का, की पुन्हा बिस्किटांवर भागवलं. एक काळजी उठली की दुसरी तिच्या जागेवर बसायची. त्या रस्त्यावर मात्र एकही काळजी पाऊल टाकत नसे. बहुधा बाहेर चपलांपाशीच थांबत असाव्यात.

गेल्या थंडीत उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कळ यायला लागली. आधी मळताना, मग कुलपात किल्ली फिरवताना, मग नुसतं पांघरूण ओढतानासुद्धा. डॉक्टरीणबाईंनी अंगठा मुठीत घ्यायला लावून मनगट जरासं वाकवलं आणि मावशींच्या तोंडून जो आवाज निघाला, त्यावरूनच त्यांचं निदान झालं.

"रोज किती मळता?"

"फार नाही हो. सात-आठ किलो."

"फार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पेन खाली ठेवलं. "हे बघा, पट्टी बांधायची. हात धुण्यापुरती सोडायची. मळणं बंद, अगदी बंद. आत्ता थांबला नाहीत तर हाताची पकडच जाईल. मग पाव राहिला बाजूला, वेणीसुद्धा दुसऱ्याकडून घालून घ्यावी लागेल."

लेक तीन दिवसांची रजा टाकून आली ती थेट ठरवूनच आली. पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, "आई, आता बास. ओव्हन बंद कर, खोल्यांना कुलूप लाव आणि तुम्ही दोघं माझ्याकडे चला. आतली खोली रिकामीच असते."

"आणि माझे चोवीस जण?"

"दुसरीकडून घेतील पाव. उपाशी नाही राहणार."

मावशींना हे फार लागलं, कारण ते खरं होतं.

"मळायचं मशीन मिळतं," खिडकीखालून आवाज आला.

तो घड्याळजींचा, म्हणजे मावशींच्या यजमानांचा. त्यांनी उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात घातला. दुकान सोडलं तेव्हा तिथलं टेबल तेवढं घरी आणलं आणि स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली, उजेडात ठेवलं. बुटकं, जाड पायांचं, धक्का मारला तरी न हलणारं. अजूनही ओळखीपाळखीतलं एखादं घड्याळ येई आणि दुपारी ते डोळ्याला भिंग लावून बसत. दोघांमध्ये एकच कडक नियम होता. फरशीची तिसरी ओळ ही सरहद्द. पिठाचे हात घेऊन तिच्यापलीकडे यायचं नाही. पिठाचा एक कण घड्याळात गेला की घड्याळ संपलं, असं ते म्हणत. मावशी चहा द्यायच्या तोही तिसऱ्या ओळीवर उभ्या राहून, हात लांब करून.

"स्टँड मिक्सर म्हणतात त्याला," घड्याळजी भिंग न काढता म्हणाले. "भांडं, वर डोकं, डोक्याला हुक. तो मळतो, आपण बघायचं."

"बघत बसू होय मी?" मावशी म्हणाल्या. मशीन मळणार, म्हणजे तो तासही मशीनच घेऊन जाणार. पण लेकीच्या घरच्या रिकाम्या खोलीपेक्षा ते बरं.

लेकीने आईच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "ठीक आहे. उद्या जाऊन बघू. तुला पसंत पडला आणि तुझ्यासारखा पाव झाला तर मी एक अक्षर बोलणार नाही. नाहीतर तू काही बोलायचं नाहीस. कबूल?"

"कबूल," मावशी म्हणाल्या, आणि लगेच वाटलं, घाई केली.

ओट्यावर मिक्सर ठेवायला एकच जागा होती, कोपऱ्यातल्या फळीखाली. त्या फळीच्या वर भिंतीतून नळ गेलेला, म्हणून ती वर सरकवता येत नव्हती. लेक म्हणाली, "फळीखालची उंची मोजू. टेप कुठेय?"

"टेप कशाला? वीत आहे ना."

"ही माझी पट्टी घ्या," घड्याळजींनी बोटभर लांबीची पोलादी पट्टी पुढे केली.

"तुमचं सगळं केसाएवढं," मावशी म्हणाल्या. "राहू दे तिकडेच." उजवा हात बांधलेला होता, म्हणून त्यांनी डावा हात ताणून भिंतीवर ठेवला. एक वीत, दोन विती, वर चार बोटं. "दोन विती चार बोटं. लक्षात ठेव गं."

दुसऱ्या दिवशी निघताना मावशींच्या पिशवीतून एकेक वस्तू डोकावू लागली. पिठाचा डबा, मिठाची पुडी, यीस्टची बाटली, कोमट पाण्याचा थर्मास.

"आई, हे काय? लोक मिक्सर बघायला जातात तेव्हा मिक्सर बघून येतात."

"चप्पल घेताना पाय घालून बघतेस ना? मग?"

दुकान मोठं होतं, पंख्यांच्या आणि फ्रिजच्या मागे मिक्सरची रांग. तिथल्या बाई दिवसभर उभ्या राहून थकलेल्या, पण हसऱ्या. त्यांनी आधी एक लालभडक मिक्सर पुढे केला. आरशासारखा लखलखीत, बारा वेग, पुढ्यात वॉटचा भला मोठा आकडा.

"वॉट म्हणजे खातो किती," घड्याळजी म्हणाले. "कामाला किती पडतो, ते कुठे लिहिलंय?"

"तुमच्यासारखंच की," मावशी म्हणाल्या, आणि त्या बाई इतक्या मोकळ्या हसल्या की थर्मास बघूनही त्यांनी नाही म्हटलं नाही. उलट स्वतःच प्लग लावून दिला.

लेकीने आईच्या सांगण्यावरून पीठ, मीठ, यीस्ट, पाणी घातलं. लाल मिक्सर सगळ्यात कमी वेगावरही असा सुटला की पीठ भांड्याच्या भिंतींवर थपाथप आपटायला लागलं. बघता बघता गोळा हुकवरून वर चढला आणि मानेला जाऊन बसला. मग मिक्सरच टेबलावरून चालायला लागला. दुकानातल्या बाईंनी दोन्ही हातांनी त्याला कवटाळलं.

"हा जरा खेळकर आहे," त्या म्हणाल्या.

दुसरा धिप्पाड होता. भांडं एवढं, की त्यात मूल न्हाऊ घालावं. मावशींचा किलोभर पिठाचा गोळा त्याच्या तळाशी जाऊन पडला आणि हुक त्याच्या डोक्यावरून नुसताच फिरत राहिला. रिकाम्या सभागृहात एकट्यानेच बसावं तसा तो गोळा दिसत होता.

"याला याच्या दुप्पट पीठ लागतं, काकू."

"त्याला दुप्पट पीठ लागेल, पण ते भांडं उचलायला मला दुप्पट हात लागतील. आहेत का तुमच्याकडे?"

तिसरा कोपऱ्यात होता. त्याच्याकडे नेण्याआधी बाई जरा घुटमळल्या. सायीच्या रंगाचा, पुढून किंचित ओरखडलेला, वेग फक्त सहा. "हा कुणी मागत नाही," त्या म्हणाल्या. तिघांनी मिळून तो पुढे ओढला. इतका जड, की टेबलच कण्हलं.

घड्याळजींनी खिशातून लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक मिक्सरच्या मानेवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बाई बघतच राहिल्या. "सुरू करा," ते म्हणाले. डोळे मिटले. खूप दिवसांनी जुन्या मित्राचा फोन यावा तसा त्यांचा चेहरा झाला.

"आतली चाकं धातूची आहेत," हळूच म्हणाले. "प्लास्टिक नाही. एकेक दात जागच्या जागी बसतोय. काय सुरेख चाललंय, ऐक."

मावशी ऐकत नव्हत्या, बघत होत्या. हुक सावकाश येत होता. गोळ्याला धरत होता, ओढत होता, दुमडत होता आणि सोडून देत होता. ओढ, दुमड, सोड. घाई नाही, आपटणं नाही. भांड्याच्या कडेला चिकटलेलं पीठ आपणहून सुटून गोळ्यात जाऊन मिसळत होतं. दुकानातले दिवे कुठेतरी लांब गेले. फ्रिजच्या पांढऱ्या दारांची रांग हलल्यासारखी वाटली, वारा नसतानाही. पायाखालची फरशी किंचित दबली...

"आई! पट्टी का सोडलीस?"

मावशी दचकल्या. पट्टी खरंच ओट्यासारख्या त्या टेबलावर पडली होती आणि त्यांचा उजवा हात भांड्याकडे निघाला होता.

"मी नाही सोडली. सुटली."

"आपोआप?"

"मळत नाहीये गं. नुसतं बघतेय." त्यांनी चिमूटभर पीठ तोडलं, बोटांवर हळूहळू ताणलं आणि दिव्यासमोर धरलं. पीठ फाटलं नाही. पातळ होत होत कागदासारखं झालं आणि त्यातून दिवा दिसला. दिव्यावर त्यांच्या बोटांच्या रेषा. मावशींना कुणी विचारलं असतं, तर पीठ झालं की नाही ते ओळखायची हीच एक खूण त्यांनी सांगितली असती.

"हा," त्या म्हणाल्या.

"डोकं असं वर उचलायचं, मग भांडं निघतं," बाईंनी करून दाखवलं. "वर फळी असेल तर डोक्यासकट मोजून घ्या हं, काकू. बरेच जण फसतात."

"मोजलंय मी. दोन विती चार बोटं." आनंदाच्या भरात मावशींनी तोच मोकळा हात टेबलावर टेकवला आणि उचललेल्या डोक्यापर्यंत मोजत नेला. "दोन विती... आणि तीन बोटं. बघ, बोटभर उरतंयच."

लेकीने हाताला पुन्हा पट्टी बांधून दिली, जरा जास्तच घट्ट.

संध्याकाळी दोन हमालांनी तो मिक्सर जिना चढवून आणला आणि फळीखाली ठेवला. बसला. अगदी मापात बसला. मावशींनी त्याच्या पाठीवरून डावा हात फिरवला, मग डोकं धरून वर उचललं.

टक्.

डोकं फळीवर आपटून थांबलं. वरची बरणी हलली. अजून बोटभर वर जायला हवं होतं. तेवढं गेल्याशिवाय भांडं निघेना. मावशींनी दुसऱ्यांदा उचलून बघितलं, जणू फळी मन बदलेल. टक्.

"कसं शक्य आहे?" त्या पुटपुटल्या. "दोनदा मोजलं. इथेही आणि तिथेही."

लेकीने हलणारी बरणी सावरली. ती खुर्चीत बसली आणि खाली बघून हळूच म्हणाली, "आई, आपलं काय ठरलं होतं?"

ओट्यावर न मावणारं मशीन, आत पीठ घातलं तर बाहेर न निघणारं भांडं. उद्या दुपारी चोवीस पाव नाहीत, परवाही नाहीत. लेकीच्या शहरातली आतली खोली मावशींना स्पष्ट दिसली. खिडकी होती तिला. पण त्या खिडकीतून ऊन कुठे पडत असेल, कोण जाणे.

घड्याळजी मात्र भलताच विचार करत होते. "अगं, इथे कुठल्या हाताने मोजलंस?"

"डाव्या. उजवा बांधलेला होता ना."

"आणि दुकानात?"

मावशींनी उजव्या हाताकडे बघितलं. "मग? हात तर दोन्ही माझेच आहेत."

घड्याळजी उठले, तिसऱ्या ओळीवरून अलीकडे आले. त्यांनी अगदी सावकाश पट्टी सोडली आणि बायकोचे दोन्ही हात ओट्याच्या कडेला शेजारी शेजारी ताणून ठेवले. डाव्या हाताची वीत एका रेघेवर संपली. उजव्याची तिच्यापुढे बोटभर गेली.



"एकतीस वर्षं या हाताने गोळा रेटलास," घड्याळजी म्हणाले. "अंगठा लांब सरत गेला. मिलिमीटरमध्ये सांगू?"

"नको," मावशी म्हणाल्या. त्यांना विचित्र वाटत होतं. आपला स्वतःचाच हात, आपल्या नकळत, एवढा दूर जाऊन आला. इतकी वर्षं त्या एका रस्त्यावर चालत होत्या, तेव्हा हा इकडे असा वाढत होता. तोही कुठेतरी निघालाच होता म्हणायचं.

लेकीने आईचा तो हात उचलून आपल्या दोन हातांत घेतला. "तू म्हणजे ना, आई... टेप सोडून..."

घड्याळजींनी घसा खाकरला. "माझं टेबल आहे."

"काय?"

"टेबल. वर फळी नाही. छत काय ते एकदम. आणि बुटकं आहे, म्हणजे तुला स्टुलावर बसून भांडं काढता येईल. ओट्यावर तुझं मनगट वर राहायचं, तेही बरं नव्हतं. आणि हे टेबल हलत नाही. हा बाबा चालायला लागला तरी टेबल चालणार नाही."

"अहो, पण पीठ?" मावशींना खरंच धक्का बसला. "घड्याळात गेलं तर?"

"आता माझ्याकडे येतात ती घड्याळं तशीही थकलेलीच असतात. थोडं पीठ खातील." मग टेबलाकडे बघून म्हणाले, "मी डावीकडे सरकतो. काचेचा घुमट झाकून ठेवीन एकेकावर. तू उजवीकडे."

मिक्सर तिसऱ्या ओळीपलीकडे गेला. तिघांनी मिळून नेला, पायात वायर अडकून लेक पडता पडता राहिली, मावशींनी तीनदा विचारलं की बोट तर नाही ना चिरडलं. डोकं वर उचललं. वर नुसती हवा होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी पालथी पडली. खाली पंप गप्प झाला. लेकीची संध्याकाळची गाडी होती, तिची पिशवी दाराशी तयार होती. ती ओट्याला टेकून उभी राहिली, हातांची घडी घालून, परीक्षकासारखी.

मावशींनी स्टूल ओढलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या मळायला बसल्या. एकदम किलोभरच मावत होतं, म्हणजे चार घाण्यांचे आठ होणार होते. पीठ, मीठ, यीस्ट, पाणी. सगळ्यात कमी वेग. शेजारी घड्याळजी भिंग लावून कुणाच्या तरी मनगटी घड्याळावर वाकलेले, बाकीच्या घड्याळांवर काचेचे घुमट.

हुक आला. ओढ, दुमड, सोड.

पहिली दोन-तीन मिनिटं काहीच झालं नाही. मावशी नुसत्या मशीनकडे बघत होत्या, आणि मशीन नुसतं मशीन होतं. प्लग नीट बसलाय ना, वायर ओली तर नाही, लेकीने डबा घेतला का. मग त्यांनी पट्टी बांधलेला उजवा हात उचलला आणि मिक्सरच्या सायीच्या रंगाच्या डोक्यावर नुसता ठेवला. झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा. आतून एक बारीक कंप हातात आला. धातूची चाकं, एकेक दात जागच्या जागी. ओढ, दुमड, सोड. हात दुखत नव्हता. हाताला काही करायचंच नव्हतं, फक्त सोबत जायचं होतं.

खिडकीतलं ऊन आता समोरून नाही, डोक्यावरून पडत होतं. भिंती उंच झाल्या. पांढऱ्या चादरी हलायला लागल्या. रस्ता कोमट होता, तोच, पायाखाली दबत होता. पण आज मावशींना चालायचीही घाई नव्हती. त्या रस्त्यावरच बसून राहिल्या, आणि कुठूनतरी, अगदी जवळून, बारीक टिकटिक येत होती.

"आई, झालं का गं?"

गोळा गुळगुळीत झाला होता. मावशींनी डाव्या हाताने चिमूटभर पीठ तोडलं. उजवा हात नको म्हणून लेकीनेच बोटं पुढे केली. दोघींनी दोन बाजूंनी धरून ते ताणलं, सावकाश, आणि खिडकीसमोर धरलं. ऊन आरपार आलं. त्यात बोटांच्या रेषा दिसल्या, एका बाजूला आईच्या, दुसऱ्या बाजूला लेकीच्या.

लेकीने पीठ हलकेच भांड्यात परत ठेवलं.

"पुढच्या महिन्यात येईन मी," ती म्हणाली. "बघायला नाही. पाव न्यायला. आतल्या खोलीत माझ्यापुरता एक छोटा ओव्हन बसेल, असं मला वाटतंय. आणि आई..."

"काय गं?"

"तो मोजायला मी टेप घेऊन जाईन."

घड्याळजींनी भिंग काढलं, समोरच्या घुमटावर साचलेलं पिठाचं धुकं बोटाने पुसलं आणि पुन्हा भिंग लावलं.